खरे घडलेले, तरी कादंबरीसारखे

एखादे आत्मचरित्र किंवा आठवणींचे पुस्तक मनापासून आवडले की मराठी वाचकाच्या तोंडी हमखास एक दाद येते : ‘अगदी कादंबरीसारखे आहे!’ गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 साली आले, 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून ही दाद त्याच्या वाट्याला येत राहिली आहे. गंमत अशी की त्यातले एकही पात्र कल्पनेतले नाही. गावे खरी, तारखा खऱ्या, माणसे खरी. आज ज्याला आपण पालघर जिल्हा म्हणतो त्याच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात 1945 साली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, त्याची ही हकिगत आहे. मग त्यात कादंबरीसारखे काय आहे?

पटकन सुचणारी उत्तरे बहुतेकांना ठाऊक असतात : गोष्ट आहे, संवाद आहेत, वर्णने आहेत, पुढे काय होणार याची उत्सुकता आहे. पण हे सारे कीर्तनात असते, तमाशाच्या वगात असते, चांगल्या बातमीतही असते. कीर्तन ऐकून घरी जाताना ‘कादंबरीसारखे झाले’ असे कोणी म्हणत नाही. तेव्हा कादंबरीचे कादंबरीपण दुसरीकडे कुठेतरी शोधायला हवे. त्यासाठी लांब जायची गरज नाही. या एका जिल्ह्यात गोष्ट सांगण्याचे इतके निरनिराळे प्रकार नांदतात, की ते शेजारी शेजारी ठेवले तरी बराच उलगडा होतो.

जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा घ्या. रात्री गावात सोंगे निघतात. वाद्यांच्या तालावर एकेक मुखवटा पुढे येतो, नाचतो, फेर धरतो आणि निघून जातो. गणपती येतो, रावण येतो, भीम येतो, देवी येते. मुखवट्यांची घडण पाहण्यासारखी असते, आणि सोंग नाचवणारा माणूस त्या वजनाखाली घामाने निथळत असतो. या खेळात गोष्ट आहे, पात्रे आहेत, लढाया आहेत. तरीही बोहाड्याला कादंबरी म्हणता येणार नाही, कारण रावण रावण म्हणूनच येतो आणि रावण म्हणूनच जातो. मुखवटा रंगवला तेव्हाच त्याचा स्वभाव पक्का झाला. प्रेक्षकाला त्याच्याकडून बदल नकोच असतो. ओळखीचा रावण ओळखीच्या रीतीने यावा यातच त्याचा आनंद असतो. पुराणकथा, लोककथा, दंतकथा या साऱ्यांत पात्रे बहुधा अशी घडवलेलीच भेटतात. शूर असतो तो शूर, लबाड असतो तो लबाड.

आता गोदावरीबाईंच्या पुस्तकातली माणसे पाहा. लग्नगडी ही पद्धत त्यांनी सांगितली आहे. तरुण वारल्याला लग्न करायचे, हातात पैसा नाही. तो जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलतो. त्या रकमेच्या बदल्यात तो जमीनदाराच्या शेतावर आणि वाड्यावर राबू लागतो, आणि लग्न होऊन घरात आलेली बायकोही त्याच्याबरोबर राबू लागते. मजुरी हातात पडत नाही, कर्ज फिटत नाही. लग्नाचा दिवस हाच गुलामीचा पहिला दिवस. असा माणूस सुरुवातीला सभेला यायलाही घाबरतो. जमीनदाराचा माणूस पाहील, मार बसेल, ही भीती त्याच्या अंगात मुरलेली. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरते, तिथे उंबरगाव भागातून मोजके वारली जातात, त्यांत माह्या धांगडा असतो. तो आपल्या लोकांचे गाऱ्हाणे मांडतो. चार महिन्यांनी, 23 मे 1945 रोजी, झरी गावात सभा होते आणि तिला सुमारे 5000 आदिवासी येतात. वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही, असे तिथे ठरते. मान खाली घालून चालणारी ही माणसे झरीला मान वर करून बसली होती.

जानेवारी ते मे एवढ्या चार महिन्यांत या माणसांच्या आत काय घडले, हे गोदावरीबाई टप्प्याटप्प्याने दाखवतात. वाचक ज्याला कादंबरी म्हणतो ते इथे आहे. माणूस सुरुवातीला एक असतो, शेवटी दुसरा असतो, आणि मधली वाट आपण त्याच्याबरोबर चाललेलो असतो. नुसता बदल पुरेसा नाही. ‘आधी घाबरट होता, मग शूर झाला’ हे एका वाक्यात सांगितले तर ती बातमी झाली. वाट दिसली पाहिजे : कोणत्या दिवशी तो पहिल्यांदा घराबाहेर पडला, कोणाला पाहून धीर आला, कुठे पुन्हा कच खाल्ली.

या पुस्तकात आणखी एक माणूस बदलतो, आणि तो म्हणजे सांगणारी. 1907 साली जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झालेल्या या बाई वारल्यांच्या झोपडीत जाऊन राहतात. त्या शिकवायला गेल्या आहेत, पण शिकतही आहेत. लोकांनी त्यांना ‘गोदूताई’ म्हणायला लागणे आणि त्यांचे गोदूताई होणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. कथनात हे दुहेरी परिवर्तन असले की पुस्तकाला खोली येते. नुसत्या कार्यअहवालात ती येत नाही, कारण अहवाल लिहिणारा स्वतः जागचा हललेला नसतो.

या पुस्तकाच्या शेजारी याच किनाऱ्याचा दुसरा ग्रंथ ठेवून पाहा : ‘महिकावतीची बखर’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती 1924 साली संपादून प्रसिद्ध केली. तिच्यातली सर्वांत जुनी प्रकरणे केशवाचार्यांची, 1448 च्या सुमाराची. बिंब राजा उत्तर कोकणात आला, त्याने केळवे-माहीमच्या परिसरात बस्तान बसवले आणि पुढे सत्ता मुंबईच्या माहीमपर्यंत गेली, असा तिचा पट. त्याच्याबरोबर आलेल्या सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी कुळांच्या याद्या, गावांच्या वाटण्या, वतने, लढाया हे सारे तिच्यात आहे. केळवे-माहीमकडच्या वाचकाला ती वाचताना ओळखीची आडनावे आणि गावे भेटत राहतात, आणि तो आनंद वेगळाच आहे. मराठी गद्याच्या इतिहासात तिचे मोल मोठे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरी ती कादंबरीसारखी वाटत नाही. तिच्यात घटनांची कमतरता आहे म्हणून? उलट घटना इतक्या आहेत की त्यांतून दहा कादंबऱ्या निघतील. सत्तेवर चढलेला भागडचुरी नावाचा एक माणूस तिच्यात आहे. एवढ्या एका माणसावर आजचा कादंबरीकार 400 पाने लिहील. पण बखरकार त्याच्या मनात शिरत नाही. त्याने काय केले ते सांगतो, ते करण्याच्या आदल्या रात्री तो काय विचार करत होता हे सांगत नाही. दुसरे असे की बखरीतला काळ सारखा धावत असतो. एका ओळीत राजा मरतो, दुसऱ्या ओळीत मुलगा गादीवर बसतो, तिसरीत वीस वर्षे उलटलेली असतात. कादंबरीला काळाशी वेगळा व्यवहार करावा लागतो. ती दहा वर्षे एका वाक्यात ओलांडते आणि मग एका रात्रीसाठी थांबते.

झरीच्या सभेनंतरची, 1945 च्या ऑक्टोबरातली एक रात्र पाहा. गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशा अफवा पसरतात आणि हजारो वारली तलवाड्याला जमतात. गोदूताई तिथे नसतात. पोलीस निघून जायला सांगतात. माणसे हलत नाहीत, कारण ज्यांच्यासाठी आलो त्या अजून आलेल्या नाहीत. मग गोळीबार होतो आणि जेठ्या गांगडसह पाच जण मरतात. बखरकाराने हे एका ओळीत लिहिले असते : अमुक तिथीस तलवाड्यास पाच माणसे पडली. कादंबरीकार या जमावात एका माणसाशेजारी जाऊन बसला असता, पहाटेपर्यंत. आणि ज्या बाईचे नाव घेऊन माणसे मेली, ती बाई त्या रात्री तिथे नव्हती, हे सत्य कोणत्याही कादंबरीकाराला रचून सुचले नसते. गोदावरीबाईंना ती रात्र इतरांकडून ऐकून घ्यावी लागली. आपल्या नावावर गेलेले जीव आणि आपली अनुपस्थिती हे ओझे घेऊन 25 वर्षांनी त्या लिहायला बसल्या. तोपर्यंत त्यांचे पती श्यामराव परुळेकरही गेले होते. इतक्या अंतरावरून मागे पाहताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे याची निवड होतेच, आणि कादंबरीची रचना मुख्यतः या निवडीतून उभी राहते.

निवडीबरोबर क्रमही लागतो, आणि तो कळण्यासाठी वारली चित्रांविषयी इथे थोडे सांगायला हवे. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी, आणि धवलेरी गाणी म्हणत असतात. चौकाबाहेर तारपा वाजतो, कोणी शिकार करतो, कोणी ताडावर चढतो, कोणी नांगरतो. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंत कागदावर आणि कापडावर आणली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या एकेका चित्रात संपूर्ण पाडा असतो. पण तिथे सगळे एकाच वेळी चाललेले असते. नजर कुठूनही सुरू करता येते. कादंबरीत ही मुभा नाही. तिथे एकामागून एक यावे लागते, आणि आधीच्या गोष्टीमुळे पुढची घडावी लागते. हा ‘मुळे’ फार महत्त्वाचा. त्याच्याशिवाय घटनांची रांग होते, कादंबरी होत नाही.

लांबीचा गैरसमजही मराठीत खूप आहे. पाने भरली की कादंबरी झाली असे मानणारे लेखक मी पाहिले आहेत. त्यांनी व्यंकटेश माडगूळकर वाचावेत. ‘माणदेशी माणसं’ 1949 मधले, ‘बनगरवाडी’ 1955 मधली. लेखक तोच, माती तीच, भाषेची काटकसर तीच. पहिले पुस्तक व्यक्तिचित्रांचे आहे : एकेक माणूस येतो, मनात घर करतो, आणि चित्र पुरे होते. दुसरे जेमतेम दीडशे पानांच्या आतबाहेरचे, तरी ती अस्सल कादंबरी आहे. कारण तिच्यात एक तरुण मास्तर वाडीवर येतो, वाडी त्याला स्वीकारते, तालीम उभी राहते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. एकेकटी माणसे भेटतात तीसुद्धा या एका मोठ्या हालचालीत गुंफलेली आहेत. वाडीलाच जन्म, तारुण्य आणि ऱ्हास आहे. व्यक्तिचित्रे सुटी असतात, कादंबरीत त्यांचे नशीब एकमेकांत अडकते.

उलटी बाजूही पाहू. खरे लिखाण कादंबरीसारखे वाटते, तशी कादंबरीही खऱ्या लिखाणासारखी वाटण्याची धडपड करत आली आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा तिने स्वचरित्राचा वेष घेतला होता. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. लिहिणारा पंचविशीतला पुरुष होता, पण वाचणाऱ्याला एखाद्या बाईची वही हाती लागल्यासारखे वाटावे ही योजना होती. ‘कोसला’ने 1963 मध्ये पांडुरंग सांगवीकरच्या तोंडून नि डायरीतून तेच केले. म्हणजे कादंबरी सव्वाशे-दीडशे वर्षे आत्मचरित्राकडून विश्वास उसना घेते आहे, आणि आत्मचरित्र तिच्याकडून रचना. स्मृतिचित्रे, दलित आत्मकथने, चळवळींच्या हकिगती या साऱ्या या देवघेवीवर उभ्या आहेत. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले तेव्हा त्याला काय म्हणावे यावर चर्चा झाली, ती याच कारणाने.

या देवघेवीत एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. अमेरिकी लेखक ट्रुमन कपोटी याने एका कुटुंबाच्या हत्येवर ‘इन कोल्ड ब्लड’ लिहिले, 1966 मध्ये ते पुस्तकरूपाने आले. ही सत्यावर आधारलेली नव्या प्रकारची कादंबरी आहे आणि तिच्यातला शब्दन् शब्द खरा आहे, असा त्याचा दावा होता. पुढे पत्रकारांनी तपासले तेव्हा काही प्रसंग तसे घडलेच नव्हते असे निघाले. शेवटचा दफनभूमीतला प्रसंग तर त्याने रचलेला होता. पुस्तकाला साजेसा शेवट हवा होता म्हणून. कादंबरीसारखे व्हावे या मोहाने खऱ्यात खोटे मिसळणे हे वाचकावर आणि मेलेल्या माणसांवरही अन्याय करणारे आहे. रचना निवडीतून येऊ द्यावी, भर घालून नव्हे. गोदावरीबाईंच्या पुस्तकाचे बळ असे की त्यांना शेवट रचावा लागला नाही.

आता बोईसर-तारापूरकडे येऊ. हा भाग कादंबरीचे सामान डोक्यावर घेऊन बसला आहे. 1969 मध्ये तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला. बोईसर स्टेशनाबाहेर पाच मिनिटे उभे राहिले तरी मांगेली, वाडवळी, वारली, गुजराती, हिंदी, भोजपुरी कानावर पडतात. रशियन विचारवंत मिखाइल बाख्तिन याने कादंबरीचे मर्म सांगताना याच गोष्टीवर बोट ठेवले होते : अनेक तऱ्हेची बोली, अनेक थरांतली भाषा एकमेकींवर आदळते तिथे कादंबरी जन्मते. महाकाव्याला एक भाषा पुरते, कादंबरीला पुरत नाही. सातपाटीच्या बंदरावरचा तांडेल आणि कारखान्यातला पाळीप्रमुख एकाच मराठीत बोलू लागले, की ते लिखाण मेले असे समजावे.

एक उदाहरण करून पाहू. ते पूर्ण कल्पित आहे.

‘प्रकल्पात घर गेले आणि कुटुंब नव्या वसाहतीत राहायला आले.’ ही नोंद झाली.

‘घर गेले म्हणून बाप खचला. मुलगा मात्र त्याच प्रकल्पात कंत्राटी कामाला लागला, त्यामुळे बापाने त्याच्याशी बोलणे टाकले.’ इथे ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ आले, दोन माणसे समोरासमोर उभी राहिली. ही गोष्ट झाली.

पुढे जा. बाप बोलत नाही. पण मुलाची पहाटेची पाळी असली की तो चारला उठतो, पाणी तापत ठेवतो आणि परत जाऊन आडवा पडतो, झोपल्याचे सोंग घेतो. मुलाला ते कळते. तोही काही बोलत नाही. पहिल्या पगारातून तो बापाला नवे जाळे आणतो. बाप ते हातात घेत नाही, आठ दिवस ते ओटीवर तसेच पडून राहते. नवव्या दिवशी ते जागेवर नसते. आई विचारते, जाळे कुठे गेले? बाप म्हणतो, गाठी सैल होत्या, पक्क्या करायला घेतले.

इथे कादंबरीची पहिली पाने लिहिली गेली. का? बापाच्या मनात एकाच वेळी दोन खऱ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. त्याने प्रकल्पाला माफ केलेले नाही, मुलाला तोडलेलेही नाही. लेखकाने यातले काहीच शब्दांत सांगितलेले नाही, पाणी आणि जाळे यांच्यातून ते दिसते. आणि आठ दिवस मध्ये गेले. त्या आठ दिवसांवाचून नववा दिवस आला नसता. माणसाच्या आत दोन बाजू, त्यांच्यावर काम करणारा काळ, आणि बाहेरच्या मोठ्या घडामोडीशी त्यांचा जोडलेला धागा : एवढे असले की कल्पित असो वा खरे, लिखाण कादंबरीच्या वाटेला लागते. अलंकारिक भाषा, निसर्गवर्णने, रहस्य या गोष्टी असल्या तर असोत, नसल्या तरी अडत नाही.

या भागात लिहिणारी तरुण मंडळी आहेत. त्यांना एक सांगणे आहे. तुमच्या घरात, पाड्यात, चाळीत अशी माणसे आहेत ज्यांनी 1969 च्या आधीचे तारापूर पाहिले, ज्यांनी वेठ केलेल्या आजोबांकडून झरीची सभा ऐकली, ज्यांची होडी गेली आणि हातात कारखान्याचे ओळखपत्र आले. ती वयस्कर होत चालली आहेत. त्यांच्याकडे जा, बसा, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. ‘काय घडले’ एवढे विचारून उठू नका. त्या दिवशी घरी परत आल्यावर काय केले, कोणाशी बोललात, कोणाशी बोलला नाहीत, हेही विचारा. तारखा पडताळून पाहा, जे कळले नाही ते रचू नका, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. आणि हे सुरू करण्यापूर्वी जवळच्या वाचनालयातून ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणून हातात पेन्सिल घेऊन पुन्हा एकदा वाचा.